मालकाची सही

"राडारोड्यावर काय माझं नाव लिहिलंय?" घरातली जुनी मोरी फोडून निघालेल्या विटा-फरश्या मुलींच्या खो-खो मैदानात टाकून शेजारचे काका वर हसलेही होते. पंधरा दिवस सराव बुडाला. संघाची कप्तान ते विसरली नाही.

आज काकांची वास्तुशांत. सकाळी सकाळी बारा जणींनी रांग धरली, घमेली हातोहात सरकवली आणि सगळा ढीग काकांच्या गेटसमोर रचला. पाहुणे रस्त्यावरच अडकले.

"कार्ट्यांनो, हे काय!" सोवळं सावरत काका धावले.

"राडारोड्यापासून ब्लॉक बनवणाऱ्या कारखान्याची गाडी बोलावलीय, काका," कप्तान म्हणाली. "ते मालकाच्या दारातूनच उचलतात. फक्त मालकाची सही लागते."

तेवढ्यात गाडी येऊन थांबली. काकांनी भटजींकडे पाहिलं, व्याह्यांकडे पाहिलं. "माझाच आहे," ते पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा ना, गाडीवाल्या दादांना ऐकू आलं नाही!"