तळातली ताटली

जलतरण तलावाच्या परवान्याची तपासणी होती. नियमाप्रमाणे काठावरून तळ स्वच्छ दिसायला हवा. मी वाकून पाहिलं, तर सगळ्यात खोल जागी स्टीलची एक छोटी ताटली पडलेली.

"हा काय कचरा?" तलाव सांभाळणाऱ्या सूर्यभानकाकांना मी झापलंच.

"कचरा नाय मॅडम. रोज सकाळी मीच टाकतो. हितून ती दिसली, तरच लेकरं पाण्यात सोडतो. नायतर दिवसभर तलाव बंद."

एवढी काळजी मी आजवर कुठल्याच तलावावर पाहिली नव्हती. माझा आवाज आपोआप उतरला. "हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

त्यांनी लांब दांड्याच्या जाळीनं ताटली वर काढली, गळ्यातल्या पंच्यानं पुसली आणि माझ्या हातात दिली. कडेवर नाव घातलेलं होतं, प्रांजली.

"माझ्या नातीची. बारशाला आलती."

"अरे वा! आता केवढी आहे?"

काकांनी ताटली परत घेतली आणि पुन्हा पाण्यात सोडली.

"त्या दिवशी हितलं पाणी लई गढूळ व्हतं, मॅडम. आम्ही तिला तासभर बाहेर कॅनॉटच्या बाजारात, दुकानांमधी हुडकत व्हतो."