शनिवारची डॉक्टर

नेलीच्या उजव्या मागच्या पायाचा सांधा गरम लागत होता. सुप्रभाने डावा चाचपून पाहिला आणि पुन्हा उजव्यावर हात ठेवला. फरक थोडासाच होता, पण होता.

"ठीक आहे ना?" डोलनने विचारलं.

"जरा चालवून दाखवा."

मार्टिन डोलन सत्तरीचा आयरिश माणूस. तीस वर्षं शर्यतीची ग्रेहाउंड कुत्री तयार करत आलेला. त्याने कुत्र्यांचं वजन आणि तपासणी करायच्या खोलीबाहेर नेलीला दोनदा फिरवलं. काळीभोर कुत्री डौलात चालली. परत येताना मात्र तिने उजवा पाय क्षणभर अलगद टेकवला. दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं.

शर्यतीला वीस मिनिटं उरली होती. ऑक्टोबर २००८ मधली शनिवारची दुपार. त्या वर्षी एकामागून एक ट्रॅक बंद पडत होते, लंडनचं वॉल्थमस्टो ऑगस्टमध्येच संपलं होतं. रीडिंगपासून पाऊण तासावरच्या या छोट्या स्टेडियमचा आज शेवटचा दिवस होता. सोमवारपासून इथे बुलडोझर येणार होते.

सुप्रभा परभणीला पशुवैद्यक झाली आणि लग्नानंतर इथे आल्यावर तिने सगळ्या परीक्षा पुन्हा दिल्या. आठवडाभर रीडिंगच्या क्लिनिकमध्ये मांजरं आणि ससे, शनिवारी हे स्टेडियम. शर्यतीआधी प्रत्येक कुत्रं तिच्या हाताखालून जायचं. ती नाही म्हणाली की ते पळत नसे. वर्षभरात तिने डोलनची नऊ कुत्री थांबवली होती. बाकी कुठल्याही ट्रेनरची दोनाहून जास्त नाहीत. दर वेळी डोलन मालकासमोर आवाज चढवून तिच्याशी भांडायचा आणि काही आठवड्यांनी तसंच एखादं दुखरं कुत्रं घेऊन पुन्हा हजर व्हायचा. बुधवारी ब्रायन नावाचे दुसरे डॉक्टर असत. त्यांच्याकडे डोलनचं एकही कुत्रं कधी अडलं नव्हतं. सुप्रभाने त्याचा अर्थ केव्हाच लावून टाकला होता. परदेशी बाई आहे, कधीतरी दबेल, असं म्हाताऱ्याला वाटत असणार.

"अगं, शेवटचा दिवस आहे," घरून निघताना तिचा नवरा प्रणव म्हणाला होता. "आज तरी कुणाशी वाद घालू नकोस. उद्यापासून त्या माणसाचं तोंडही बघायचं नाहीये तुला."

नेलीचा मालक हॉपकिन्स दारातच उभा होता. बाहेर त्याचे पाहुणे त्याची वाट बघत होते.

"चौदा माणसं घेऊन आलोय मी," तो म्हणाला. "तीस सेकंदांची तर शर्यत आहे."

"शेवटची शर्यत आहे डॉक्टर," डोलनने री ओढली. "यानंतर ती पळणारच नाहीये. जन्मभर सोफ्यावर झोपणार आहे. एवढी एक पळू दे."

सुप्रभाने नेलीकडे पाहिलं. सांधा गरम होता, सुजलेला नव्हता. कुत्री लंगडतही नव्हती. ब्रायननी केव्हाच सही केली असती, आणि त्यांना कुणी चूकही म्हटलं नसतं. बाहेर लोक आठवण म्हणून एकमेकांचे फोटो काढत होते. आजच्या दिवशी खलनायिका व्हायचा तिला खरोखर कंटाळा आला. तिने तक्ता पुढे ओढला आणि पेन उचललं.

डोलनचं बोलणं थांबलं.

पेन टेकवण्याआधी तिने सवयीने पुन्हा एकदा त्या सांध्यावर हात ठेवला. पहिल्या वळणावर सगळा भार याच पायावर येणार होता, ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने. आधीच तडा गेला असेल, तर तिथे हाड फुटायला तीस सेकंदही लागणार नव्हते.

"नाही," ती म्हणाली. "ही पळणार नाही."

मग नेहमीचं सगळं झालं. डोलन ओरडला. त्याने टेबलावर हात आपटला. हॉपकिन्सने तक्रार करायची धमकी दिली, कोणाकडे ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि तो पाहुण्यांकडे निघून गेला. शर्यत सहाऐवजी पाच कुत्र्यांचीच झाली.

सुप्रभा बॅग भरत होती तेव्हा डोलन पुन्हा दारात आला. सोबत नेली होती. सुप्रभाने मान वर केली नाही.

"आता काय राहिलंय, मिस्टर डोलन?"

"तुम्ही थांबवलेली ही दहावी," तो म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "मालकाला मी नाही म्हटलं, तर तो कुत्रं दुसऱ्या ट्रेनरकडे नेतो. तो पळवतोच. एका कुत्र्याचा पाय तसाच मोडला, माझ्या डोळ्यांदेखत. तेव्हापासून मी मालकांना हो म्हणतो आणि कुत्रं शनिवारी आणतो."

सुप्रभाचे हात थांबले. "शनिवारीच का?"

"बुधवारी धडधाकट तेवढीच आणायचो. ब्रायन सगळ्यांनाच सोडतात."

"आणि ती भांडणं?"

"भांडलो नसतो तर मालकांना संशय आला असता." तो जरा ओशाळला. "लागेल असं बोललो असेन. माफ करा."

ती खुर्चीवर बसली. नेली टेबलाखाली येऊन तिच्या पायांशी आडवी झाली.

"मिस्टर डोलन, या दहांपैकी एखाद्या वेळी मी सही केली असती तर?"

"तसं कधी मनातच आलं नव्हतं," डोलन म्हणाला. "आज तुम्ही पेन उचललंत, तोपर्यंत."