आतली कडी

अधिकाऱ्याने कपड्यांच्या घडीतून पितळेची कडी बाहेर काढली आणि टेबलावर ठेवली. मग रुमालात बांधलेले स्क्रू काढले. मग स्क्रूड्रायव्हर. बाळाची झबली, दुपटी, टोपरी राहिली एका बाजूला आणि खोलीतल्या तिघांचं लक्ष त्या कडीवर खिळलं.

विमानतळाच्या त्या लहानशा खोलीत अधिकारी होता, त्याचं बोलणं मराठीत सांगणारी दुभाषी होती आणि समोर व्हिसामावशी. हे नाव त्यांना इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं, आणि त्यांना ते मनापासून आवडायचं. लेकीकडे वरचेवर ये-जा असल्यामुळे परदेशी निघालेला कोणीही आधी त्यांचं दार वाजवायचा. कोणत्या खिडकीपाशी काय विचारतात, औषधांची चिठ्ठी कुठे ठेवायची, सगळं त्यांना तोंडपाठ. शेवटी ठरलेलं भाषण असायचं: "घाबरायचं काही कारणच नाही. तिथे बाई रात्री एकटी फिरली तरी कोणी मान वर करून बघत नाही. फक्त विचारलं तेवढंच सांगायचं." आज विमानातसुद्धा शेजारच्या नवख्या जोडप्याला त्यांनी हेच ऐकवलं होतं. ते जोडपं केव्हाच बाहेर पडलं. अडकल्या त्या मावशी.

"ते विचारताहेत, इतक्या वेळा का येता?" दुभाषी म्हणाली.

"लेक आहे माझी इथे. नातू झालाय. बघायला नको?"

"बाळ सांभाळायला आलात का? भेटीच्या व्हिसावर काम करता येत नाही, आणि बाळ सांभाळणंही ते कामच धरतात."

"छे छे! मांडीवर घेईन आणि रडला की त्याच्या आईकडे देईन. यात कसलं काम?"

अधिकारी किंचित हसला. मग त्याने कडी उचलली. हे कशाला?

सगळी उत्तरं त्यांनी घोटून ठेवली होती, एवढं एक सोडून. दाराची साधी कडी, तिच्याबद्दल कोण काय विचारणार, असंच त्या धरून चालल्या होत्या.

लेक फोनवर म्हणाली होती, "आई, मी हल्ली बाळाच्या खोलीत झोपते. पण इथल्या दारांना आतून कडीच नसते गं. तो चिडला की सरळ आत येतो." पुढे काय होतं ते मावशींनी व्हिडिओ कॉलवर तिच्या गळ्यावर पाहिलं होतं. पोलिसांना सांग म्हटल्यावर लेक रडायला लागली. तिचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला, बाळ मात्र जन्मानेच इथलं. त्याने हात झटकले की ही देशाबाहेर आणि बाळ आत. "तू कुठे बोललीस तर मला बाळ दिसायचं नाही. माझी शपथ आहे तुला."

म्हणून मावशींनी कडी आणली. ती बसवायची कशी हेही सुताराकडून शिकून घेतलं, आणि त्या नादात घरातल्या अडगळीच्या खोलीचं दार भोकं पाडून पाडून वाया घालवलं.

"न्हाणीघरासाठी," मावशी म्हणाल्या. "म्हातारपणची सवय. कडी लागल्याशिवाय मला चैन पडत नाही."

दुभाषीने ते लगेच सांगितलं नाही. तिने कडीकडे पाहिलं, मग झबल्यांकडे.

"मावशी, दुसरं काही सांगायचं असलं तर सांगा. पण जे सांगाल ते मला जसंच्या तसं यांना सांगावं लागेल."

त्या क्षणी मावशींना वाटलं, हिच्या गळ्यात पडून सगळं ओकून टाकावं. मराठीत बोलणारं, डोळ्यांत बघणारं माणूस समोर होतं. पण शपथ आड आली.

"नाही गं पोरी. न्हाणीघराचीच आहे."

दुभाषीने सांगितलं. अधिकारी मोकळेपणाने हसला आणि काहीतरी बोलला.

"म्हणताहेत, आमचा देश सुरक्षित आहे. इथे अशा कड्या लागत नाहीत."

"तेच तर मी सगळ्यांना सांगते," मावशी म्हणाल्या, आणि त्यांना स्वतःचीच शिसारी आली.

मग अधिकाऱ्याने फोन उचलला. ज्याच्याकडे उतरणार त्याला विचारून खात्री करून घ्यायची, अशी इथली पद्धत. कागदावर नंबर जावयाचा होता. बोलणं छान रंगलं. बोलता बोलता अधिकाऱ्याने दुसऱ्या हातात कडी धरली आणि खटकन पुढे-मागे सरकवून दाखवली, जणू पलीकडच्याला ती दिसत होती.

"काय सांगताहेत ते?" मावशींनी विचारलं.

दुभाषीने मान खाली घातली. "कडीचं सांगताहेत. जावई हसले म्हणे."

शिक्का बसला. अधिकाऱ्याने कडी पुन्हा झबल्यांच्या घडीत नीट ठेवली आणि बॅग स्वतः बंद करून दिली. माणूस चांगला होता.

बाहेर जावई सगळ्यांच्या पुढे उभा होता. त्याच्यामागे बाळाला घेऊन लेक. एवढ्या उकाड्यात तिने गळ्याभोवती स्कार्फ घट्ट गुंडाळला होता. जावयाने वाकून बॅगेची मूठ धरली.

"या आई. फार त्रास दिला ना त्यांनी? कडी आणलीत म्हणे. द्या, मीच बसवतो. कोणत्या दाराला बसवायची, तेवढं सांगा."

लेकीचा चेहरा पांढरा पडला. तिने बाळाला छातीशी आवळलं.

मावशींनी मूठ सोडली नाही.

"राहू द्या जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला बसवता येते. शिकून आलेय."