लाकडी घुबड

दगड बाजूला सारून दिगंबररावांनी डबा उघडला. टेकड्यांवर लपवलेले असे डबे मोबाइलवरच्या नकाशावरून शोधायचा नाद त्यांच्या लेकीला, ईशानीला होता. डबा सापडला की आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा होता तिथेच लपवायचा, हा त्या खेळाचा नियम. तिने शेवटचं ठेवलेलं, दोऱ्यात ओवलेलं लाकडी घुबड याच डब्यात होतं. ती गेल्यापासून ते दर रविवारी इथे येत, घुबड हातात घेत आणि परत ठेवत. घरी न्यायला मन धजत नसे.

आज आत घुबड नव्हतं, शिट्टी होती.

उतरताना वाटेत एक लहान मुलगी आईबाबांबरोबर बसलेली दिसली. तिच्या गळ्यात घुबड होतं.

"कुठे मिळालं गं?"

"डब्यात. मी माझी शिट्टी ठेवली." त्यांचा चेहरा पाहून तिने विचारलं, "आजोबा, तुमचं होतं का?"

ईशानीने ते कुणीतरी न्यावं म्हणूनच ठेवलं होतं.

"नाही, बाळा."

"मग बघा ना, किती छान आहे." ती उठून जवळ आली.

ते वाकले. घुबड मुठीत धरलं, आणि मूठ काही केल्या उघडेना. मुलगी मान पुढे करून तशीच उभी राहिली.