ओटीचं पातळ

फुलचंदशेठ बोलत होते आणि सरिता मान खाली घालून साड्यांच्या घड्या घालत होती. गादीवर सत्तर-ऐंशी साड्यांचा ढीग पडला होता. लग्नाच्या बस्त्यासाठी आलेल्या बायकांनी दोन तास एकेक साडी उलगडायला लावली होती. पदर चुरगाळून पाहिले, ही पोरगी काही दाखवतच नाही अशी तक्रार शेठजींकडे केली, आणि वाशीमला बघतो म्हणून उठून गेल्या. जाताना एकीनेही तिच्याकडे पाहिलं नाही.

रिसोडच्या बाजारात कापडाची दुकानं पुष्कळ, पण काम मागायला गेलं की सगळ्यांची माणसं भरलेली. नवरा पुण्याला गेला तो फोन उचलेनासा झाला होता. घरी सासू आणि सहा वर्षांची लेक, दोघींची पोटं सरिताच्या पगारावर. आठवडाभर तिच्या हातून काही विकलं गेलं नव्हतं आणि शेठजींचा धीर सुटला होता. मंगळवारी एक पातळ गेलं होतं, असं ती कसंबसं म्हणाली.

"ते मयताचं होतं. मयताचं कापड आपण कोणाच्याच विक्रीत धरत नाही, तुले माहीत हाय," शेठजी म्हणाले. "आज संध्याकाळपर्यंत एक तरी जाऊ दे. नाही तर उद्यापासून येऊ नको."

दारात कोणीतरी खाकरलं. धोतरातला एक म्हातारा उभा होता, खांद्यावर दुपट्टा. किती वेळचा उभा होता कोण जाणे. बोलणं संपायची वाट बघत असावा. त्याने चपला बाहेर काढल्या आणि गादीच्या अगदी कडेला बसला. सरिता घाईघाईने ढीग बाजूला सारायला लागली.

"घाई नाई," तो म्हणाला. "तू आंधी पाणी पी, माय."

चार वर्षांत कोणत्याही गिऱ्हाइकाने तिला पाणी प्यायलीस का म्हणून विचारलं नव्हतं. साड्या मागायच्या, नाकं मुरडायची आणि जायचं, एवढंच तिला ठाऊक. सरिता पाठ फिरवून पाणी प्यायली, कारण डोळे भरून आले होते आणि शेठजींना रडकी माणसं आवडत नसत.

त्याला एक हिरवं पातळ पाहिजे होतं. कार्यक्रम काय, असं शेठजींनी बसल्या जागेवरून सवयीने विचारलं. म्हाताऱ्याने शेठजींकडे पाहिलं, मग सरिताकडे.

"लेकीले सातवा महिना हाय," तो म्हणाला. "ओटी भराची हाय."

सरिताच्या अंगात हुरूप आला. असा बाप तिने पाहिला नव्हता. ओटीचं पातळ घ्यायला घरच्या पाच-सात बायका येतात आणि दुकान डोक्यावर घेतात. हा एकटा आला होता, आणि काहीही दाखव म्हणत होता. ह्याला मात्र काहीही द्यायचं नाही, असं तिने ठरवलं. खालच्या फडताळातलं जरीकाठाचं पातळ तिने काढलं. लेक गोरी की सावळी, तिने विचारलं.

"सावळी. तुह्यावानी."

मग दुकानात नेहमी करतात तसं तिने ते पातळ स्वतःच्या खांद्यावर टाकलं, पदर हातावर घेतला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. म्हातारा बघत राहिला. त्याने कापडाला हातसुद्धा लावला नाही. बराच वेळ बघून तो म्हणाला, "हेच दे."

फॉल-पिको फुकट करून देते, असं ती म्हणाली. त्याने मान हलवली, लागत नाही म्हणाला. आवडलं नाही तर बदलून नेता येईल, लेकीलाच घेऊन या, असंही ती म्हणाली. तो पैसे देऊन, पिशवी छातीशी धरून बाहेर पडला. शेठजींनी सरिताच्या नावापुढे साडी लिहिली आणि तिला चहा सांगितला.

चहा येईपर्यंत तिला आठवलं की ओटीच्या पातळावर दुकानाकडून डझनभर हिरव्या बांगड्या असतात. एवढ्या भल्या माणसाच्या बांगड्या राहाव्यात हे तिला अजिबात पटेना. ती पाकीट घेऊन धावली.

चौकाच्या पलीकडे एक जीप उभी होती. आत बायका दाटीने बसल्या होत्या, तोंडात पदर कोंबून. म्हातारा पिशवी काखेत धरून जीपशेजारच्या टपरीच्या नळावर तोंड धूत होता. सरिताने ड्रायव्हरला विचारलं, ओटी भरायला कुठं चाललात?

ड्रायव्हरने तिच्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. "ह्या मारोतरावाची पोरगी वारली ना सकाळी, सासरी अनसिंगले. मयतावर पातळ माहेरचं लागते म्हणून थांबलो."

सरिताचा हात आपोआप खांद्यावर गेला, जिथे मघाशी पातळ होतं. म्हातारा तोंड पुसत आला. तिच्या हातातल्या बांगड्या त्याने पाहिल्या.

"मयताचं म्हटलं असतं तं तुह्या नावावर गेलं नसतं," तो हळूच म्हणाला. "दे त्या. ह्याबी भरा लागतीन तिले."

तिने पाकीट दिलं. माझ्यासाठी तुम्ही आजच्या दिवशी एवढं खोटं बोललात, एवढंच तिच्या तोंडून निघालं.

म्हातारा जीपमध्ये चढला, पिशवी मांडीवर नीट ठेवली.

"खोटं नव्हतं, माय," तो म्हणाला. "सातवाच होता."