नकाशावरचे लाल ठिपके

पाणीपुरवठा खात्याच्या वेबसाइटसाठी मी तक्रारींचा नकाशा बनवला. ज्या घरचा नळ कोरडा, तिथे लाल ठिपका. महिन्याभरात नकाशाला गोवर उठला. त्यातला एक ठिपका माझ्या आईच्या घराचा.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मुख्य साहेबांनी नकाशा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"उद्या मंत्री येणार, आणि हे काय?"

"ठिपके पुसणार नाही, साहेब. लोक खरंच पाण्यावाचून बसलेत."

"पुसा म्हणतंय कोण? खोटेपणा मलाही खपत नाही. फक्त नकाशा अगदी गल्लीपर्यंत मोठा केला तरच ते दिसावेत, एवढं करा."

"आणि मंत्र्यांनी केला मोठा, तर?"

साहेब पोट धरून हसले.



"अहो, गल्लीपर्यंत ते कधी आलेत का?"