साफ बीकर

भिलाईतल्या शाळेच्या प्रयोगशाळेत काल केमिस्ट्रीचे सर बर्नर निळ्या ज्योतीवर सोडून फोन घ्यायला बाहेर गेले. खिडकीतल्या उन्हात ज्योत दिसलीच नाही. दहावीतल्या रीनाची ओढणी पेटली. आज ती दवाखान्यात होती आणि शाळेत चौकशी होती. “ज्योत पिवळी होती, पोरगीच बेपर्वा, एवढंच सांगा,” सर अटेंडंट पंचफुलाबाईंना म्हणाले. “निळी होती सर. जाताना बर्नरचं हवेचं भोक बंद केलं असतं, तं पिवळी दिसली असती. पिवळीनं बीकर काळा होते. पाहा, काल ज्योतीवर होता त्या बीकरचं बूड साफ आहे.” “सायंटिस्टच झाल्या, बाई,” सर हसले. “मग करून टाका काळा. तुमची पोरगी भूमिकाही इथंच शिकून राहिली ना?” मुलीचं नाव ऐकून पंचफुलाबाईंनी तो बीकर उचलला. त्यांनी सवयीनं आधी पदर खोचला, भोक बंद करून बर्नर पेटवला आणि बीकर ज्योतीवर धरला. काजळी लगेच चढली.